चौदाची की पन्नासची, बबन्या?

बबन्या,

परवा तुझ्या जलदान विधीला नऊ माणसं बोलली आणि नऊच्या नऊ खोटं बोलली. एक म्हणाला, मितभाषी होते. दुसरा म्हणाला, कधी कुणाशी वाद घातला नाही. तिसऱ्यानं तर सांगितलं, समोरच्याचं शांतपणे ऐकून घ्यायचे. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. अरे, एका लेन्सवरून तू दोन वर्षं माझा जीव खाल्लास. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं भागाकार लिहून मला उभं करून वाचायला लावलेस. ही माणसं म्हणतात, वाद घातला नाही. मग मी काय म्हशीशी भांडत होतो?

वर तो फोटो. तळेगावच्या कुणा दुकानात तुला कॉम्प्युटरवर कोट चढवला, टाय बांधला, तोंड गोरं केलं. कपाळावरची भाजल्याची खूण, कारखान्याच्या भट्टीनं दिलेली, तीसुद्धा पुसून टाकली. शांतावहिनी फुलं वाहायला पुढं आली आणि थांबली. "ह्ये कोण?" म्हणाली. हळू म्हणाली, पण मी ऐकलं.

तुझ्या सुजातानं आधी मला फोन केला होता. "काका, तुमच्याकडे बाबांचा एखादा चांगला फोटो असेल ना?" माझ्याकडं नव्हता. पस्तीस वर्षं परक्या माणसांचे काढले, तुझा एक काढला नाही. तुला कधी उभं राहा म्हटलं तर तू माझ्या हातातून कॅमेरा घेऊन आभाळाकडं करायचास. आता घाल कोट.

मला बोलायला बोलावलं. मी उठलो नाही. लोकांना वाटलं, किसनआबाला रडू आवरत नाही. रडू नव्हतं, राग होता. जे बोलायचं ते तुझ्याशीच होतं, त्या नऊ जणांच्या पुढं नाही, म्हणून हे लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंतची, ते तुला माहीत आहे. विहाराच्या स्मरणिकेत छापू म्हणालेत. सुजाता म्हणाली, शुद्धलेखन बघून देते. मी म्हणालो, हात लावायचा नाही.

तू तळेगावला काचेच्या कारखान्यात भट्टीवर जन्म काढलास आणि मी लोणावळ्याच्या वर पॉइंटवर, गळ्यात कॅमेरा अडकवून. सकाळी आपल्या औंढे गावातनं दोघं बरोबर निघायचो, तू स्टेशनाकडं, मी घाटाकडं. रीळ होती तेव्हाची माझी पद्धत तू शंभरदा बघितली आहेस. गिऱ्हाईक कठड्यापाशी उभं करायचं, सात पावलं मागं यायचं, बटण दाबायचं. लेन्सचं चाक सात पावलांवर आणून ठेवलेलं आणि त्यावर काळी चिकटपट्टी, म्हणजे धुक्यात, घाईत ते हलायचं नाही. फोकस बघायचा प्रश्नच नव्हता. फोटो धुऊन पोस्टानं पाठवायचो, सुरतेला, हैदराबादला. एकाचंही तोंड पुसट गेलं नाही.

मग मोबाईल आले. आता लोक दरीकडं पाठ करतात, हात लांब करतात आणि आपलं आपणच काढतात. एवढी मोठी दरी, ती त्यांच्या कानामागं चार बोटं दिसते. मला म्हणतात, "काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." पस्तीस वर्षं ज्या जागेवर उभा राहिलो तिथून मला बाजूला व्हायला सांगतात.

मी बाजूला झालो, तेव्हाच तू रिटायर झालास आणि तुला आभाळ लागलं. पुण्याची ती तारे बघणारी मंडळी तुझ्या माळावर उतरली, तू त्यांना चहा दिलास, आणि त्यांच्यातल्या एका बाईनं तुला कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर दाखवलं. तुझ्याच बांधावरचा आंबा, आणि त्याच्या डोक्यावर आकाशगंगा, पीठ सांडल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या आधी तू माझ्या दारात. "किसन्या, जलमभर आपण ह्याच्याखाली झोपलो, आन् कुणी सांगितलं न्हाई." तुझे डोळे असे झाले होते की मला तुझी भीती वाटली.

मग एक जुना डिजिटल कॅमेरा आपण दोघांत घेतला. पुनवेला माझा, अवसेला तुझा, अशी वाटणी. पुनवेला विहारात माणसं जमतात, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, पोरं-नातवंडं घेऊन, तेव्हा तोंडांचे फोटो काढायचे ते मी. अवसेला गावातली बाकीची माणसं लवकर दारं लावून घेतात. आपल्या घरांनी ते भय आपल्या बापांच्या वेळीच सोडलं, त्यामुळं अवसेचा माळ सगळा तुझा. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स मात्र अंधारी. तारे तिच्यात येईनात आणि विहारातल्या दिव्यात माणसंही काळी यायला लागली. एक नवी घ्यायची ठरलं. एकच.

आणि तिथून तू सुरू झालास.

तुझं गणित मला झोपेतसुद्धा येतं. पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्यानं भागायचं, उत्तर येईल तेवढे सेकंद कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवला तरी तारा ठिपका राहतो, त्याच्या पुढं त्याची रेघ होते. चौदाच्या लेन्सला पस्तीस सेकंद मिळतात, पन्नासच्या लेन्सला दहा. "धा सेकंदात काय हुतंय? माणसाचं शिंकून हुतंय." आणि चौदात सगळं आभाळ मावतं, आंब्यासकट, बांधासकट. मी म्हणायचो, आभाळ कुठं पळून चाललंय? माणसं पळतात. पन्नासमध्ये माणूस जसा आहे तसा येतो, नाक नाकाएवढं, कान कानाएवढे. चौदात कडेचा माणूस फाकतो. तू म्हणायचास, "न्हाई फाकत."

मग पुण्याच्या त्या बाईकडनं तू चौदाची मागून आणलीस आणि पुनवेला विहारातल्या बायकांच्या फोटोला लावलीस. डाव्या टोकाला वत्सलाबाई. फोटोत त्यांचा दंड मांडीएवढा. त्या तुझ्यासमोर फोटो धरून उभ्या राहिल्या. "बबनभाऊ, मी तुमचं काय घोडं मारलंय?"

तू जराही लाजला नाहीस. "बाई, पुढल्या बारीला मधी उभ्या ऱ्हावा."

"आन् मग कडंला कोण उभं ऱ्हाईल?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई ऱ्हायचं कडंला. लय उभी ऱ्हायली आपली माणसं कडंला."

सगळी हसली. मी हसलो नाही. मुद्दा माझा होता आणि टाळ्या तू घेतल्यास, हे मी अजून विसरलो नाही.

उलट माझी वेळ आली तेव्हा तू काय केलंस? मी पन्नासची मागून आणली आणि तुझ्याबरोबर अवसेला माळावर आलो. आंबा घेतला की आकाशगंगा मावेना, आकाशगंगा घेतली की आंबा मावेना. तारे सगळे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. तू बांधावर बसून पोट धरून हसलास. हसता हसता समोरच्या त्या नव्या बंगल्यांनी डोंगरावर पांढरे झोत सोडले आणि अर्धं आभाळ दुधाळ झालं, तेव्हा कुठं थांबलास. तसाच उठलास, चालत गेलास आणि फाटकावरच्या वॉचमनला म्हणालास, "मालकाला सांगा, डोंगर त्यांनी घेतला आसंल, आभाळ माझ्या शेतावरचं हाय. दिवं बंद करा." तो बिचारा तुला पाणी देत होता. तू ते घेतलं नाहीस. वाद घातला नाही म्हणे.

थंडीत दव पडायचं आणि काच आंधळी व्हायची. त्यावर तू उपाय काढलास तो मला आवडला होता, आज सांगतो. शांतावहिनीनं तव्यावर तापवलेलं मीठ जुन्या मोज्यात भरायचं आणि मोजा लेन्सच्या गळ्याभोवती गुंडाळायचा. त्या पुण्याच्या मंडळींकडं बॅटरीवरचे पट्टे होते. तुझा मोजा त्यांच्यापेक्षा चांगला चालला. तेव्हा मी म्हणालो होतो, "लेन्सला सर्दी झाली का रं?" चिडवायला म्हणालो. खरं तर मला म्हणायचं होतं की हे मला सुचलं नसतं.

सुजाता शेवटी कंटाळली आणि दोघांना गाडीत घालून पुण्याला दुकानात घेऊन गेली. तिथला तो पोरगेला दुकानदार आपलं दोघांचं ऐकून घेऊन म्हणाला, "आजोबा, रोजच्याला पण पाहिजे आणि ताऱ्यांना पण पाहिजे, तर चोवीसची घ्या. वीस सेकंद मिळतील, कडेची माणसं फाकणार नाहीत आणि अंधारातही चालेल." त्यानं काय गुन्हा केला होता? पण तू म्हणालास, "ना धड आभाळ, ना धड माणूस." आणि मी म्हणालो, बरोबर. दोन वर्षांत तेवढ्या एकाच गोष्टीवर आपलं एकमत झालं. परत येताना सुजाता गाडी चालवत म्हणाली, "विहारात मध्यम मार्ग मध्यम मार्ग म्हणता आणि दुकानात मधलं काही दिलं की दोघांना राग येतो." तू खिडकीतनं बाहेर बघत राहिलास. मीही दुसऱ्या खिडकीतनं.

आता आक्काचं.

माझी थोरली बहीण. नाशिकला लेकाकडं असायची. या वर्षी वैशाखी पुनवेला हट्टानं आली, नव्वदीला टेकलेली. विहाराच्या पायरीवर बसली, पांढरं लुगडं, मागं लांब लोहगड. मला म्हणाली, "किसन, माझा एक नीट काढ. कुणाला पाठवायला न्हाई. ठेवायला." मी सात पावलं मागं आलो आणि काढला.

भर पावसाळ्यात आक्का गेली. भाच्यानं फोटो मागितला. तळेगावला मोठा करायला दिला आणि घ्यायला गेलो. लोहगडाची तटबंदी अशी साफ, की दगड मोजून घ्यावेत. आणि आक्काचं तोंड, वाफ धरलेल्या खिडकीतनं बघावं तसं. अवसेला तू ताऱ्यांसाठी लेन्सचं चाक पार लांबच्या अंतरावर नेऊन काळी पट्टी मारली होतीस, कॅमेरा हाताच्या फोकसवर ठेवला होतास, आणि पंधरा दिवसांत पट्टी काढायची विसरला होतास. भाच्यानं रेशनकार्डावरचा फोटो लावला. आक्का त्यात चोरासारखी दिसते.

पुढच्या पुनवेला विहारात सगळ्यांसमोर मी उभा राहिलो आणि म्हणालो, बबन्याच्या पट्टीनं माझी आक्का घालवली. तू उठलास. "पट्टी माझीच व्हती," एवढं म्हणालास आणि बसलास.

त्यानंतर मी तुझ्याशी बोललो नाही. बांधावर दिसलास तर वाट बदलायचो. कॅमेरा तुझ्याकडं पाठवून दिला, तू परत पाठवलास, मी पुन्हा पाठवला. शेवटी तो विहाराच्या कपाटात जाऊन बसला. आपल्या दोघांचा कॅमेरा, कुणाचाच नाही असा.

जायच्या चार दिवस आधी तू माझ्या अंगणात आलास. मी आत खाटेवर होतो. तू हाक मारलीस, "किसन्या, हायस का?" मी आमच्या हिला हातानं खूण केली. ती बाहेर जाऊन म्हणाली, "न्हाईत घरात." तुला काय कळलं नसेल? माझ्या चपला दारातच होत्या. तू जरा वेळ उभा राहिलास. मग म्हणालास, "बरं वहिनी, आल्यावर त्याला सांगा, चोवीसचं बघू म्हनतोय मी."

मी आत ऐकलं. आणि खरं सांगू, मला आनंद नाही झाला, संताप आला. दोन वर्षं चौदा चौदा करणारा माणूस, तो असा अंगणात उभा राहून माघार घेतो? मी मागितली होती का माघार? मला तू समोरासमोर भांडायला हवा होतास. म्हणालो, येऊ दे उद्या परत, मग बघतो. तू उद्या आला नाहीस. परवा आला नाहीस. चौथ्या दिवशी सकाळी गोठ्यात धार काढायला बसलास तो बसल्या जागी गेलास. एवढी कसली घाई होती तुला? अर्धं भांडण टाकून जाणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आता ते, जे परवा उठून बोललो नाही.

पट्टी मला दिसली होती, बबन्या. आक्काचा फोटो काढताना चाकावर काळी पट्टी दिसली आणि हाताला वाटलं, ही माझीच, सात पावलांची. इतकी वर्षं माझ्या लेन्सवर तशीच पट्टी असायची, हाताची सवय. पण ती लेन्स माझी नव्हती, आपली होती, आणि तिच्यावर मी पट्टी कधी मारलीच नव्हती. एवढं मला कळायला हवं होतं. आणि मी कॅमेऱ्यातनं बघितलंही होतं. आक्का पुसट दिसली. मला वाटलं, माझा डोळा. दीड वर्षापासून उजव्या डोळ्यानं सगळंच पुसट दिसतंय. आक्का पुसट, लोहगड पुसट, तू पुसट. मग त्यात फोकस कसला कळणार? बटण दाबलं. हे कुणाला सांगितलं नाही, हिलासुद्धा नाही. पॉइंटवरच्या फोटोवाल्याला दिसत नाही, हे तोंडानं कसं सांगायचं? त्यापेक्षा तुझी पट्टी सोपी होती.

काल सुजाता आली. तिच्या हातात दुकानाची चिठ्ठी होती. तू तिला फोन करायला लावून चोवीसची सांगून ठेवली होतीस. "काका, बाबा म्हणाले होते, शेवटचं किसन्या ठरवेल. काय सांगू दुकानात?" तिच्यापुढं लेन्सचं बोलायचं म्हणजे आधी हे बोलावं लागणार होतं. शेवटी अंगणाकडं बघत सांगितलं. पट्टीचं, डोळ्याचं, सगळं. म्हणालो, तुझ्या बापाला मी विहारात उगाच उभं केलं.

तिनं हातातल्या चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाली, "मला माहीत आहे, काका."

"काय माहीत हाय?"

"डोळ्यांचं. तुम्ही भांडणाच्या आधी एकदा विहारात वत्सलाबाईंना आई समजून वहिनी म्हणून हाक मारली होतीत ना, तेव्हाच बाबांना कळलं. मी म्हणाले, मग सांगा ना सगळ्यांना, तुमची एकट्याची चूक कशाला? तर म्हणाले, त्याचं तो सांगंल. आपन त्याचा डोळा चारचौघांत काढायचा न्हाई."

म्हणजे तुला माहीत होतं. मी विहारात बोटं दाखवून ओरडत होतो, तेव्हा तुला माहीत होतं, आणि तू "पट्टी माझीच व्हती" म्हणून बसलास. ही कुठली रीत झाली? तू तिथंच म्हणाला असतास, किसन्या, तुला दिसत न्हाई, तर मी तुझी गचांडी धरली असती, शिव्या दिल्या असत्या, आणि आठ दिवसांत तापवलेल्या मिठाचा मोजा घेऊन माळावर आलो असतो. मी तसाच आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तू माझी अब्रू झाकलीस आणि आपले पाच महिने घालवलेस. आयुष्यभर बडबड केलीस आणि गप्प बसायला नेमका तोच दिवस सापडला तुला. त्या नऊ जणांतला पहिला तेवढ्यापुरता खरं बोलला म्हणायचा.

मी सुजातासमोर चिडलो. तुझ्यावर चिडलो, तिला वाटलं तिच्यावर. तिनं पाणी आणून दिलं. मी ते प्यालो. माझ्या इतक्या वर्षांत मला कुणी असं सांभाळलं नव्हतं. आणि सांभाळलं तेही मला कळू न देता. याचा राग मानायचा की काय मानायचं, हे मला चौथीपर्यंत शिकवलेलं नाही.

येत्या पुनवेला विहारात उभा राहून हे सगळं मोठ्यानं सांगणार आहे. छापून येईल तेव्हा येईल, आधी तोंडानं. सुजाता तळेगावच्या डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन चाललीय. मोतीबिंदू असेल तर काढतील. आणि दुकानात मी चोवीसचीच सांगायला लावली. तू माघार घेतलीस म्हणून नाही. मी माघार घेतली म्हणूनही नाही. वत्सलाबाईंचा दंड दंडाएवढा यावा आणि तुझा आंबा आकाशगंगेसकट मावावा, एवढंच.

पण चोवीसमध्येही दोन निघाल्या. एक-चारवाली आणि एक-आठवाली; आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. सुजाता म्हणते एक-चार, तिच्यात उजेड जास्त येतो, बाबांना तीच आवडली असती. मी म्हणालो, पोरी, तुझ्या बापानंच मला शिकवलंय, एवढं तोंड उघडं ठेवलं की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, चिमण्या होतात त्यांच्या. शेवटी ते तोंड बारीक करावंच लागतं. मग गळ्यात दिवसभर त्या एक-चारचं जास्तीचं वजन कशाला वागवायचं? तर ती मला फोनवर वीस मिनिटं समजावत होती. मी ऐकलं नाही. ती म्हणाली, "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," आणि बोलता बोलता मधेच फोन ठेवला. निरोपाचा एक शब्द नाही. तुझीच मुलगी.